अर्ध्या इंचाचा पास्कू

मालवणच्या बाजारात भर सकाळी साठीचा एक माणूस रस्त्यावर पालथा पडलेला दिसला, की टुरिस्ट लोक पाण्याची बाटली घेऊन धावतात. कोणी म्हणतं कांदा हुंगवा, कोणी म्हणतं डॉक्टरला बोलवा. आम्ही गाववाले बाजूने स्कूटर काढून पुढे जातो. तो पास्कू असतो. त्याला काहीही झालेलं नसतं. पुढे गतिरोधक असतो, आणि हा डांबराला गाल टेकून आपल्या गाडीखालून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघत असतो. बघून झालं की उठतो, शर्ट झाडतो, आणि ज्या बिचाऱ्याने पाणी आणलं त्याच्यावरच ओरडतो, "माका काय मेलेलो समजलंस?"

हा माणूस माझा शेजारी. अख्ख्या सिंधुदुर्गात माझ्या नशिबाला दुसरा कोणी मिळाला नाही.

मी शालन. समुद्राकडे उतरणाऱ्या एका अरुंद वाटेवर माझी खानावळ आहे, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. माझं तोंड वाईट आहे असं वाडीत म्हणतात. म्हणू देत. त्यांनी माझ्या वाटेवर राहून दाखवावं आणि मग तोंड गोड ठेवून दाखवावं.

पास्कू बोटीवर होता, इंजीनरूममध्ये फिटर. अर्धं आयुष्य मशिनींच्या आवाजात गेल्यामुळे तो आभाराचं 'देव बरें करूं'सुद्धा भांडल्यासारखं म्हणतो. कोणी वाढदिवसाचा केक दिला तरी दणकून 'देव बरें करूं!' असं म्हणणार, की देणारा दोन पावलं मागे सरतो. बोट सोडून घरी आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता एखादी जीप घेईल, टुरिस्टांना फिरवील. ह्याने काय आणलं? गोव्यातल्या कोणाची तरी वापरलेली, लालभडक, दोन दारांची स्पोर्ट्स कार. माणसं बसणार दोन. तिसऱ्याने मागून धावत यायचं. आधीच ती गाडी जमिनीलगत, आणि ह्या शहाण्याला ती उंच वाटत होती!

पहिल्यांदा कुडाळच्या एका मेस्त्रीने तिच्या स्प्रिंगा कापून दिल्या. गाडी खाली आली, पण खड्ड्यात गेली की बेडकीसारखी उडायची. पास्कूने तिथे जाऊन मेस्त्रीला इतकं सुनावलं की शेजारच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा साबण तसाच घेऊन रस्त्यावर आलं. मग पार्सलने नवं सामान आलं. शॉक-अब्जॉर्बर आणि स्प्रिंग एकाच नळीवर, नळीला आटे पाडलेले, मोठा नट फिरवला की गाडी हवी तेवढी वर किंवा खाली. त्याच्या अंगणातल्या फणसाखाली जॅक लावून त्याने ते स्वतः बसवलं. आठवडाभर आमच्या वाटेवर हातोडीचे टोले आणि शिव्या, आलटून पालटून. माझे पाहुणे विचारायचे, काकी, शेजारी काही लग्नकार्य आहे का?

आणि मग सुरू झालं ते अर्ध्या इंचाचं.

तो नट फिरवायचा, गाडी खाली घ्यायचा, टेप लावून मोजायचा आणि मान हलवायचा. मी कुंपणावरून विचारायचे, "झाला काय रे, पास्कूभाव, तुझा?"

"अर्दो इंच उरलो."

पुढच्या महिन्यात विचारलं, तरी अर्दो इंच. नाताळला विचारलं, अर्दो इंच. एक दिवस माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुझो अर्दो इंच संपतलो कधी रे? गाडी जमनीत पुरतलंस काय?"

"तुका कित्याक पंचायती?" म्हणाला, आणि बॉनेट असं आपटलं की माझ्या माडावरचे कावळे उडाले.

त्या माडावरूनही आमचं रोजचं भांडण. माझा माड वाटेच्या कडेला. नारळ पडला की पास्कूची गाडी अडली, कारण दुसरी गाडी नारळावरून जाते किंवा नारळ तिच्या खालून जातो, ह्याच्या गाडीखालून नारळाची शेंडीही जाणार नाही. मग हॉर्न. मग हाक. "गो शालन! तुझ्या माडाक काय वळण आसा की नाय?"

"तूच सांग तेका! माझां तो ऐकणा नाय!"

तो उतरायचा, नारळ उचलून माझ्या अंगणात भिरकवायचा, गाडीत शिरायचा. शिरायचा म्हणजे आधी बसायचा, मग एकेक पाय आत घ्यायचा, कमरेला हात लावून जेजूचं नाव घ्यायचा. साठाव्या वर्षी कोणी सांगितलंय रे हे धंदे? आमचं मांजर पूर्वी त्या गाडीच्या सावलीत झोपायचं. एक दिवस तिच्याखाली डोकंसुद्धा शिरेना, तेव्हा बराच वेळ गाडीकडे बघत बसलं आणि उठून पलीकडच्या वाडीत गेलं, ते आजतागायत परत आलेलं नाही.

पास्कू जगात सगळ्यांवर ओरडतो. नगरपालिकेवर, वायरमनवर, रेडिओवर. एकाच माणसापुढे त्याचा आवाज बसतो. ती त्याची मोठी बहीण आवलीनबाय.

आई लवकर गेली, आवलीनबायने ह्याला वाढवला. स्वतः लग्न केलं नाही. बाजारात तिचा दरारा असा की ती लांबून दिसली तरी मासेवाल्या कालचे मासे टोपलीच्या तळाला ढकलत. ती माशाला हात लावायची, कल्ला उघडायची, वास घ्यायची आणि मग बोलायची. ते बोलणं ऐकायला आम्ही तरण्या बायका मुद्दाम तिच्या मागे उभ्या राहायचो. मासे घ्यायला मी तिच्याकडूनच शिकले.

मग तिच्या पाठीच्या मणक्याचं काहीतरी झालं आणि कमरेखालचं गेलं. इस्पितळातून आणली तेव्हा अँब्युलन्स ह्या वाटेत शिरेना. चौघांनी चादरीत घालून उचलून आणली. अर्ध्या वाटेत चादरीचं एक टोक सुटलं, बाय एका बाजूला कलंडली, फ्रॉक वर गेला, आणि सगळी वाडी कुंपणाला उभी. घरात नेईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आत गेल्यावर मात्र तिचा आवाज वाटेपर्यंत आला. "उचलतत तां मडां! ह्याच्या फुडे माका कोणी उचलल्यानी तर बघा!"

ती बोलली ते तिने पाळलं. लाकडी पाटावर बसून हातांनी सरकत ती घरभर फिरते. सपाटीवर तिला काही अडत नाही, चढणं तेवढं जमत नाही. पास्कूने चाकाची खुर्ची आणली, तर म्हणाली, "तेच्यात बसूक माका कोणीतरी उचलूक होया मां? मगे?" त्या खुर्चीत आता आमसुलं वाळतात. घराबाहेर पडणं संपलं. मासे आणायचं काम पास्कूकडे आलं, आणि पास्कूला मासे कळत नाहीत. त्याला बघितलं की मासेवाल्यांना सण. तळाचे मासे वर येत.

त्यामुळे रोज सकाळी वाटेवर खिडकीतून ऐकू यायचं. "पास्कू! ह्यो बांगडो न्हय, ह्यो बांगड्याचो आजो!" आणि हा वाघ आत शेपूट घालून उभा. एकदा तिने म्हटलेलं मी ऐकलं, "एकदाच रे माका बाजारात पोचंव. कोणी हात न लावता. माझ्या डोळ्यांनी मासो बघून घेवचो आसा." शेजारची एक हसली. म्हणाली, हात न लावता कशी जातली, उडत? मी तिला पुढे हसू दिलं नाही. पण ते कसं व्हायचं, हे मलाही कळत नव्हतं.

आता माझ्या गतिरोधकाचं सांगते, कारण खरी लढाई तिथे झाली.

माझा नवरा दिगंबर. गरीब माणूस, सगळी वाडी त्याचं नाव घेते. एक दिवस कढीपत्ता तोडायला कुंपणाबाहेर गेला, आणि भाड्याच्या मोटरसायकलवरून तिघेजण, अंगात शर्ट नाही, वरून सुसाट आले. दिगंबरचा पाय मोडला. तो वाटेत पडलेला, हातात कढीपत्ता, आणि त्यांतला एक विचारतो, "सॉरी काका. बीचला हाच रस्ता का?" हाच रस्ता का! आजही आठवलं की माझा तव्यावरचा घावणा करपतो. पाय जुळला, पण दिगंबर लंगडतो, आणि रापणीला जाळं ओढायला जायचा, ते सुटलं.

मग मी गप्प बसणार? नगरसेवकाच्या दारात रोज जाऊन बसले. त्याच्या बायकोने वैतागून त्याला जेवण बंद केलं, तेव्हा कुठे वाटेवर गतिरोधक आला. ठेकेदाराने घातला तो भलताच मोठा, म्हशीच्या पाठीएवढा. मला तर तो बघून गहिवरून आलं.

पास्कू आला, उतरला, गाल टेकून बघितलं. उजेड नाही. उठला तो लालबुंद होऊन. "ह्यां कोणाचां थडगां बांधलंस गो?"

"तुझ्या गाडयेचां!"

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन उभा. मी त्या ढिगावर मांडी घालून बसले. म्हटलं, "घाल! आधी माझ्यार घाल! माझ्या घोवाचो पाय मोडलो तेव्हा खंय होती तुझी कुदळ?" त्यावर तो वळला. कुदळ खांद्यावर टाकून गेला. पण हट्ट बघा, त्याच आठवड्यात गाडी आणखी खाली घेतली! गतिरोधक वर आला तर हा खाली गेला. मी म्हटलं, हा आता मुद्दाम मला खिजवतोय. तो एकटा असला की गाडी तिरपी घालून, एकेक चाक चढवत, गोगलगाईसारखा कसाबसा पार व्हायचा. मी ओट्यावर हाताची घडी घालून बघायचे. पाहुणे घावणे खाता खाता टाळ्या वाजवायचे. मी त्यांना अडवलं नाही. माझा राग काही साधा राग नव्हता.

पावसाळा सरला, रापणी सुरू झाल्या. एका सकाळी मी तव्यावर घावणा घातला आणि वाटेवरून खर्रर्र असा आवाज आला. मला आवाज ओळखायला वेळ लागला नाही. झारा हातात तसाच घेऊन धावले. खोटं कशाला बोलू, आनंदाने धावले.

गाडी पोटावर बसली होती. माझ्या गतिरोधकाच्या बरोबर मध्ये. चाकं नुसती फिरत होती. पास्कू खाली पालथा पडून बघत होता.

"बसली मां?" मी म्हटलं. "बसांदे! आता उतरा सगळे आणि ढकला! कोण पावणो बसयलंस आत, तेका सांग पयलो उतर म्हणान!"

पास्कू उठला. ओरडला नाही. तिथेच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पलीकडच्या दाराची काच खाली आली.

आत आवलीनबाय बसली होती. चर्चच्या फेस्ताचा निळा फ्रॉक, केसांना तेल, मांडीवर माशांची रिकामी पिशवी. तिला उन्हात बघून किती वर्षं झाली होती! तिने एकदा गतिरोधकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"गो शालन, हो ढीग तुझो मां?"

"होय, बाय."

"घातलो कोणी? एका बाजूक वाकडो आसा."

मी हातातला झारा पदराआड घेतला. माझे पुण्याचे पाहुणे खाली आले होते, त्यांतला एक भला तरुण पुढे होऊन म्हणाला, "आजींना आपण दोघं उचलून खाली घेऊ. गाडी हलकी होईल, लगेच निघेल." आणि त्याने दाराला हात घातलासुद्धा.

"हात लावू नको!" पास्कू इतक्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला. "कोणी हात लावूचो नाय!" एवढं बोलून तो दारापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. राग नव्हता तो. माणूस घाबरला होता.

आवलीनबाय त्या पाहुण्याला शांतपणे म्हणाली, "बाबा, तुझ्या घराक आई आसा मां? जा, तिका उचल."

मी पास्कूला बाजूला ओढलं. "ती गाडयेत बसली कशी? तू उचलल्याशिवाय?"

"मी उचलूक नाय."

"मगे?"

"बसली," म्हणाला. "आपली आपण." आणि तोंड फिरवलं.

पुढे जावं तर गाडी हलेना, मागे यावं तर हलेना. उतरवायचं म्हटलं तर उचलायला हवं, आणि उचललं की ही बाई परत जन्मात दाराबाहेर येणार नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. कुंपणाला वाडी जमायला लागली. चादर सुटली त्या दिवशी जमली होती तशीच. आवलीनबायने काच वर घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा माझा लंगडा नवरा बोलला. एरवी महिन्यातून दोनदा बोलतो. "होडी वाळयेत रुतली तर आपण काय करतंव? सारतंव मां? मगे ही पण सारूया."

त्याने किनाऱ्याकडे तोंड करून हाक मारली. रापण ओढून बसलेले सहा-सातजण वर आले. झावळांचे जाड देठ आणले, गाडीचं नाक चौघांनी जरासं उचलून धरलं, देठ पोटाखाली सरकवले. होडी ओंडक्यांवरून पाण्यात सारतात ना, अगदी तसं. दिगंबर म्हणाला, "शालन, त्याल हाड."

मी घावण्यांचं तेल आणलं. माझ्याच गतिरोधकावर, माझ्याच हाताने, भांडं उपडं केलं. आतून मी धुमसत होते, पण ओतलं.

"जोर काढा रे!" आणि सगळे भिडले. पुण्याचा पाहुणाही भिडला. आवलीनबायने काच परत खाली घेतली आणि आतून हुकूम सोडायला लागली. "डावीकडे! मेल्यांनो, डावीकडे! होडी कधी बघूक नाय काय?" गाडी कुरकुरली, घसरली आणि पलीकडे उतरली. आवलीनबायला कोणाचं बोटही लागलं नव्हतं. उचलली ती गाडी.

मासे मलाही आणायचे होते. स्कूटर काढून मागोमाग गेले. पास्कूने गाडी मासेवाल्यांच्या रांगेच्या टोकाला अगदी चिकटवून उभी केली. मासेवाल्या जमिनीवर बसलेल्या, आणि गाडी एवढी खाली, की खिडकीतली आवलीनबाय आणि टोपलीमागची मासेवाली समोरासमोर आल्या. आम्ही उभ्याने वाकून मासे घेतो. ती पूर्वी उकिडवी बसून घ्यायची, तशीच आज बसलेली दिसत होती.

"बाय!" मासेवालीने कपाळाला हात लावला. "तू जित्ती आसस?"

"तुझे मासे खावन पण जित्ती आसंय. ही तांबोशी कधीची?"

"आत्ताच उतरली, देवाशप्पथ!"

"देवाक मधी घालू नको. कल्लो उघड."

मग जे जुंपलं त्या दोघींचं! आजूबाजूच्या मासेवाल्या आपली टोपली सोडून ऐकायला आल्या. आवलीनबायने तीन तांबोश्या परत केल्या, चौथीच्या कल्ल्यात अंगठा घालून बराच वेळ वास घेत राहिली. पास्कू स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. मागून हॉर्न वाजत होते आणि हा कोणावरही ओरडत नव्हता.

मी घरी आले तर दिगंबर वाटेत बसलेला. हातात छिन्नी-हातोडी, आणि गतिरोधकाचा वरचा थर सोलतोय. माझा तोल गेला. "कोणासाठी घातलो होतो ह्यो? तुझ्याच पायासाठी मां? आणि तूच फोडतस?"

तो खाली बघूनच म्हणाला, "सगळो नाय फोडणंय. वरचो वायच. माझो पाय मोडलो शालन, पण मी चलतंय मां."

मी त्याला फोडू दिलं, पण राग कुठेतरी जायला हवा ना? पास्कूची गाडी सोललेल्या ढिगावरून सरळ गेली तशी मी तिच्या मागे निघाले. ठरवलंच होतं, त्याला उंबऱ्यावर गाठून सांगायचं की हे आजच्यापुरतं, उगाच सोकावू नकोस, आणि एवढी वर्षं तोंड शिवून का बसला होतास म्हणून विचारायचं.

त्याच्या फाटकापाशी गेले आणि तिथेच उभी राहिले.

आमची वाट दर निवडणुकीला खडी-डांबराने वर येते. त्यापायी पास्कूच्या घराला आता एकच पायरी उरलीय, चिऱ्याची, बुटकी, वरून घराच्या जमिनीशी सपाट. त्याने गाडी पायरीच्या पुढे नेली, उतरून पलीकडचं दार सताड उघडलं, आणि मग गाडी हळूहळू मागे घेतली, पायरी बरोबर सीटच्या शेजारी येईपर्यंत. सीटची बाजूची उंच गादी कापून सपाट केलेली होती. मधल्या फटीवर त्याने पाट टाकला. पायरी, पाट, सीट. एका पातळीत, अर्ध्या इंचाचाही फरक नाही. तांदूळ ओतले असते तरी घरंगळले नसते.

आवलीनबायने आधी माशांची पिशवी पायरीवर ठेवली. मग दोन्ही हात पाटावर रोवले आणि स्वतःला ओढलं. थोडं ओढलं, थांबली. धाप लागली होती. परत ओढलं. पाटाच्या मध्यावर तिचा एक हात घसरला, आणि ती तोल सावरत तशीच राहिली, मान खाली घालून, कितीतरी वेळ.

पास्कू तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत अडकवले होते, इतके घट्ट की बोटं पांढरी पडली होती. तिच्याकडे तो बघत नव्हता. फणसाकडे बघत होता आणि पुटपुटत होता, फणसाला शिव्या, गाडीला शिव्या, कुडाळच्या मेस्त्रीला शिव्या. एका पावलात त्याने तिला उचलून आत ठेवली असती. त्याने ते पाऊल टाकलं नाही.

ती सरकली. पायरीवर आली. फ्रॉक नीट केला, केस मागे सारले, आणि त्याच्याकडे न वळता म्हणाली, "पास्कू, सोड आता हात. दुखले आसतले."

त्याने हात सोडले. मग त्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. डोळ्यांकडे नेले, अर्ध्यातून खाली आणले, शर्टाला पुसले. तेवढ्यात फाटकापाशी मी दिसले.

"तू हंय काय बगतस गो?" तो गरजला. "पावण्यांचा जेवाण कोण करतला? माझी गाडी?"

मीही त्याला सोडलं नाही. पदर खोचला आणि तोंडाला येईल ते बोलले, गाडीवरून, मांजरावरून, वाया गेलेल्या तेलावरून. तोही बोलला. आम्ही दोघं घसा फाटेपर्यंत भांडलो, आणि आवलीनबाय घरात न जाता पायरीवरच उन्हात बसून तांबोशीचे खवले काढत राहिली.